आपल्या पायाखालचा मुलूख

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



निवेदकांनी माझी ओळख करून देताना शिक्षिका, मुख्याध्यापिका अशी बरीच पदं सांगितली. आपल्या गुरुजींसमोर त्यातलं एकही चालत नाही. इथे मी तिसऱ्या बाकावरची, नाल्याला पूर आला की दोन-दोन दिवस गैरहजर राहणारी मुलगीच आहे.

मला विषय दिला आहे 'आपल्या परिसरातील प्रेक्षणीय स्थळे'. वेळ दिला आहे वीस मिनिटांचा. मागे वालाच्या शेंगांची भाजी शिजते आहे, त्याचा वास तुमच्यापर्यंत पोचला आहे, हे मला इथून दिसतं आहे. म्हणून लांबण लावत नाही.

पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून आपले काही मित्र मुलाबाळांसह आले आहेत. काल रात्री त्यांच्यात चर्चा चालली होती, उद्या मुलांना काय दाखवायचं? कोणी म्हणालं, गोसे धरण. कोणी म्हणालं, करांडल्याला सफारी. मग एकाने विचारलं, "बस, एवढंच?" त्या 'एवढंच'साठी मी आज उभी आहे.

धरणापासून सुरुवात करू, कारण बाहेरच्या जगाला आपला पत्ता त्याच्यावरूनच कळतो. खुर्द म्हणजे लहान आणि बुद्रुक म्हणजे मोठं, हे गुरुजींनी आपल्याला शिकवलं होतं. आपल्या तालुक्यात गोसे खुर्द आणि गोसे बुद्रुक अशी दोन्ही गावं आहेत. सरकारी नाव इंदिरासागर, पण लोकांच्या तोंडी बसलं ते गोसीखुर्द. म्हणजे 'लहान' गावाच्या नावाने अकरा किलोमीटरहून लांब धरण ओळखलं जातं. २२ एप्रिल १९८८ ला तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. तारीख आठवते ना? आपले दहावीचे पेपर नुकतेच संपले होते आणि निकाल लागायचा होता. आपला निकाल जूनमध्ये लागला. धरणाचा निकाल लागायला फार वर्षं गेली. सुरुवातीला ३७२ कोटी रुपयांचा अंदाज होता, तो पुढे हजारो कोटींवर गेला. २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला.

धरणाला ३३ दारं आहेत. उजवा कालवा सुमारे ९९ किलोमीटरचा आणि डावा सुमारे २३ किलोमीटरचा. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची, असा हा बेत. ज्यांच्या बांध्यांना पाणी मिळालं, त्यांचं धान वेळेवर रोवलं जातं. पऱ्हे टाकून आभाळाकडे बघत बसायची पाळी त्यांच्यावर येत नाही. हे खरं आहे आणि ते मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला, तेव्हा तेहतीसच्या तेहतीस दारं उघडावी लागली आणि खालची गावं पाण्यात गेली, हेही खरं आहे. पाणी दिसायला निळं असलं तरी मुलांना त्यात उतरवू नका. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला मिळतं आणि कन्हान हे सगळं घेऊन आपल्या जलाशयात येते.

आता त्या पाण्याखाली काय आहे ते सांगते. त्यात माझं माहेर आहे.

इथे बसलेल्यांपैकी निदान दहा-बारा जणांना हे वेगळं सांगायला नको. पवनी, भंडारा, कुही या तालुक्यांतली कितीतरी गावं उठली. कोणाचं घर गेलं, कोणाची शेती, कोणाचं दोन्ही. आमच्या गावाच्या नावाची पाटी नव्या वस्तीवर आहे. सरळ रस्ते आहेत, ओळीने घरं आहेत, शाळा आहे. मागच्या वर्षी तिथे एका म्हाताऱ्या काकूंना भेटले. आमच्या शेजारच्या. मी विचारलं, "कसं वाटते वो काकू इथं?" त्या म्हणाल्या, "घर भेटला बाई, पन गाव नाई भेटला."

मी रात्रभर त्या वाक्याचा विचार केला. घर आणि गाव यांत फरक कशाचा? घराला घर क्रमांक मिळाला, शेताला मोबदला मिळाला. पण पिंपळाचा पार, बायकांचा घाट, धिवरांची शिंगाड्याची बोडी, जिच्यातून बैलबंडी गेली की दोन्ही बाजूंच्या बोरी अंगाला ओरखडत ती पांदण, मंडईला दंडार व्हायची ती मोकळी जागा, यांचा मोबदला ठरत नाही, कारण ते कोणा एकाचं नसतं. सातबाऱ्यावर गट नंबर असतो. 'आंब्याची बांधी', 'भुताचा धुरा', 'बुढीचा डोह' ही नावं सातबाऱ्यावर नसतात. ती माणसांच्या तोंडात असतात. माणूस गेला की नाव गेलं.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की आमच्या गावाकडे जाणारा जुना डांबरी रस्ता उघडा पडतो. तो सरळ पाण्यात उतरतो. धरण पाहायला आलेली पोरं तिथे फोटो काढतात. त्यांचं काही चुकत नाही. हा रस्ता कुठे जात होता, हे त्यांना सांगायला तिथे कोणी नाही.

ही गोष्ट जरा बाजूला ठेवू आणि पवनीत येऊ. या दोन्हींची गाठ पुढे पडणार आहे.

पवनीला आपण रोज आलो-गेलो. जवाहर गेटातून सायकली काढल्या, तटाच्या मातीवर घसरगुंडी केली, खंदकाच्या काठाने पेरू खात फिरलो. तो मातीचा तट म्हणजे प्राचीन नगराची तटबंदी. तीन बाजूंनी तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. नदीच्या अंगाला घाट आणि देवळं एवढी की लोक पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. वैजेश्वराच्या घाटावर सूर्य उगवताना एकदा बसा. नदी पूर्वेला असल्यामुळे सूर्य थेट पाण्यातून वर येतो. तिथून चालत पंचमुखी गणपतीला जा. विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी हा एक, सर्वतोभद्र.

आणि मग जगन्नाथ टेकडी. आपल्यासाठी ती देवळाची टेकडी होती. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथे उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी ते काम पाहिलं आणि १९७२ मध्ये त्याचा अहवाल छापून आला. देवळाखालच्या टेकडीत निघाला विटांचा बौद्ध स्तूप, त्याची मुळं मौर्यकाळापर्यंत जाणारी. दुसरा स्तूप निघाला चांडकापूरच्या सुलेमान टेकडीत. पहिल्याचा व्यास सुमारे ३८ मीटर आणि दुसऱ्याचा सुमारे ४१ मीटर. सांचीचा मोठा स्तूप साडेछत्तीस मीटरच्या आसपास आहे. तुलना फक्त घेराची करते आहे. सांचीची तोरणं उभी आहेत, आपल्याकडचं बरंचसं मोडून मातीत गेलं. तरी इतिहासाच्या पुस्तकात ज्या स्तूपाचं चित्र पाहून आपण परीक्षेत चार ओळी लिहिल्या, त्याच्याहून मोठ्या घेराचे दोन स्तूप शाळेपासून सायकलच्या अंतरावर होते.

त्या स्तूपांच्या दगडी कठड्यांवर कोरीव काम होतं. बोधिवृक्षाची पूजा, रिकामं आसन, धर्मचक्र. ज्यांनी दान दिलं त्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली. एका दगडावर पाच फण्यांचा मुचलिंद नाग आहे. बुद्ध ध्यानाला बसले असताना वादळी पाऊस आला, तेव्हा या नागाने आपला फणा त्यांच्यावर छत्रीसारखा धरला, अशी कथा आहे. पावसाच्या मुलखातल्या माणसांनी हा प्रसंग कोरायला निवडला, हे मला फार जवळचं वाटतं.

पुढे १९९४ मध्येही पवनीला पुन्हा उत्खनन झालं. सातवाहनांची नाणी इथे सापडली, वाकाटकांचा ताम्रपट इथे सापडला. सम्राट बदलले, भाषा बदलली, पूजा बदलली, पण नदीकाठचं हे गाव दोन हजारांहून अधिक वर्षं गाव म्हणून नांदत राहिलं. सुलेमान टेकडी, जगन्नाथाचं देऊळ आणि त्यांच्या खाली बौद्ध स्तूप. कोणी एकाने हे सगळं माझंच म्हणावं, अशी ही जागा नाही. अलीकडे पवनीजवळ रुयाडला मोठा महास्तूप उभा राहिला आहे. लांबून माणसं तिथे येतात. त्यांना आपण अर्धा दिवस आणखी थांबायला सांगितलं पाहिजे.

पवनीतली एक वस्तू मात्र तुम्हाला पवनीत दिसणार नाही. ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात आहे. तो दगडी खांब आहे. त्यावरचा लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी अभ्यासला. महाक्षत्रप कुमार रुपियम्म याचा तो छायास्तंभ. छायास्तंभ म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला खांब. शब्द किती नेमका आहे पाहा. माणूस गेला, तरी त्याची सावली राहावी म्हणून दगड उभा केला. रुपियम्माबद्दल या खांबापलीकडे जवळजवळ काही उरलेलं नाही. त्याची लढाई, त्याचं घर, त्याची माणसं सगळी गेली. नाव उरलं, कारण कोणीतरी ते वेळेवर कोरून ठेवलं.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. अठराशे वर्षांपूर्वीच्या एका राजकुमाराचं नाव आपल्याला वाचता येतं. आणि माझ्या गावातल्या घाटाचं नाव, जिथे मी पोहायला शिकले, ते माझ्या मुलाला ठाऊक नाही. पुनर्वसनानंतर जन्मलेली मुलं आता कॉलेजात आहेत. त्यांना गाव म्हणजे ती ओळीतली घरं. ज्यांना जुनी वाट पायाने ठाऊक आहे, अशी शेवटची माणसं म्हणजे आपण आणि आपल्याहून मोठे. आपण पन्नाशी ओलांडली आहे. मोठ्यांची संख्या दर वर्षी कमी होते आहे. मघाशी दिवंगत गुरुजन आणि वर्गमित्रांना श्रद्धांजली वाहताना वाचलेली यादी आपण सगळ्यांनी ऐकली.

म्हणून माझी एक सूचना आहे. ती शेवटी सांगते. तोवर पाहुण्यांसाठी आणखी दोन वाटा.

पहिली वाट अंभोऱ्याची. धरणाच्या वर, कुही तालुक्यात. वैनगंगा, कन्हान, आंब, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा संगम आणि काठावर चैतन्येश्वराचं देऊळ. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये विवेकसिंधू लिहिला तो इथेच, असं आपल्याकडे मानतात. मराठवाड्यातले लोक अंबाजोगाई म्हणतात. तो वाद विद्वानांनी मिटवावा. आपण एवढं लक्षात ठेवू, की मराठीतल्या अगदी जुन्या ग्रंथाशी आपल्या नदीचं नाव जोडलं गेलं आहे. धरणामुळे संगमाचा आता सागरच झाला आहे, पाच नद्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये तिथे तारांच्या आधाराचा मोठा पूल सुरू झाला. त्यावरच्या उंच गॅलरीतून पाणी पाहायला गर्दी होते. पूल जरूर पाहा. मग खाली उतरून देवळातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पूर्वी कोणती नदी कुठून यायची. तो काठीने जमिनीवर रेघा ओढून दाखवेल. ते गॅलरीतून दिसत नाही.

दुसरी वाट जंगलाची. उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य २०१२ मध्ये जाहीर झालं. १८९ चौरस किलोमीटर. २०१३ मध्ये नागझिऱ्याहून 'जय' नावाचा वाघ शेतं, रस्ते, नद्या ओलांडत इथे येऊन राहिला आणि त्याच्यामुळे देशभर आपल्या जंगलाचं नाव झालं. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला. त्याचं काय झालं यावर आजही चहाच्या टपरीवर भांडणं होतात. लहानपणी आपण मोहफुलं वेचायला, तेंदूची पानं तोडायला जसे बिनधास्त शिरायचो, तसं आता शिरू नका. आत वन विभागाच्या फाटकातून, गाडीने आणि मार्गदर्शकासोबतच जायचं. बाहेरच्या पांदणीने चालायचं तर उन्हं चढल्यावर निघायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं, घोळक्याने. काठच्या गावांतली माणसं रोज वाघाच्या शेजारी राहतात. सफारीच्या फोटोत ती नसतात. त्यांच्याकडे पाणी प्या, दोन शब्द बोला.

चालताना दोन पथ्यं पाळा. तटाजवळ किंवा टेकडीवर खापराचा तुकडा, वीट, मणी दिसला तर उचलून खिशात घालू नका. जागेवरून हलला की तो मुका होतो. आणि तटावर गाड्या चढवू नका. ती माती दर पावसाळ्यात थोडी उतरतेच, आपण तिला आणखी खाली ढकलायला नको.

आता ती सूचना.

आपण आज माजी विद्यार्थ्यांचा निधी गोळा केला. शाळेला पंखे द्यायचे, पाण्याची टाकी द्यायची, ते दिलंच पाहिजे. त्यातून एक जाड, शिवलेली वही घ्या. ती शाळेच्या वाचनालयात राहील. बुडालेल्या प्रत्येक गावाला त्यात वीस पानं. ज्याचं गाव, त्याने लिहायचं किंवा घरातल्या मोठ्या माणसाला विचारून लिहून घ्यायचं. गावठाण कसं होतं याचा हाताने काढलेला नकाशा. घाटांची, विहिरींची, बोड्यांची, शेतांची, पांदणींची नावं. कोणत्या झाडाखाली काय व्हायचं. शंकरपट कुठे भरायचा. कोष्ट्यांचे माग कोणत्या आळीत वाजायचे. डोंगा कुठून सुटायचा. शुद्धलेखनाची चिंता करू नका. बोलीत लिहा. 'पानी' म्हणत असू तर 'पानी'च लिहा. आमच्या मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांनी आत्ताच मान हलवून परवानगी दिली आहे.

आणि दर वर्षी थंडीत, माघात, शाळेतल्या नववीच्या मुलांना घेऊन आपण एक दिवस चालायचं. एका वर्षी पवनीचा तट, घाट आणि दोन्ही टेकड्या. दुसऱ्या वर्षी जलाशयाचा काठ, जिथून जुना रस्ता पाण्यात उतरतो. तिसऱ्या वर्षी अंभोरा. प्रत्येक ठिकाणी पुस्तकातली माहिती शिक्षक सांगतील. पुस्तकात नाही ती आपण सांगायची. मी तीस वर्षं मुलांच्या सहली नेल्या आहेत. मुलांच्या लक्षात सनावळी राहत नाही. "इथे माझं घर होतं," असं म्हणून कोणी पाण्याकडे बोट दाखवलं, तर ते मात्र ती जन्मभर विसरत नाहीत.

काहींना वाटेल, बुडालेल्या गावांची नावं लिहून मिळणार काय? पाणी तर उतरणार नाही. मान्य. पवनीचा स्तूपही पुन्हा उभा राहणार नाही. तरी त्यावर नाव कोरणाऱ्या दानशूरांमुळे आपल्याला कळलं, की इथे कोण माणसं राहत होती आणि कशाला मान देत होती. आपल्याकडे दगड नाही, छिन्नी नाही. वही आणि पेन आहे, आणि अजून आठवतं आहे. हा आपल्या गावांचा छायास्तंभ. तो आपणच उभा करायचा. नागपूरहून येऊन कोणी करणार नाही, आणि आणखी वीस वर्षांनी कोणाला करताही येणार नाही.

वही मी आणली आहे. दाराशी, नोंदणीच्या टेबलावर ठेवली आहे. पहिलं पान माझ्या गावाचं मी काल रात्री लिहिलं. दुसरं पान कोरं आहे. जेवायला जाताना निदान एक नाव लिहून जा. विहिरीचं, झाडाचं, कशाचंही.

आणि ज्यांना मुलांना 'काय दाखवायचं' हा प्रश्न पडला आहे, त्यांनी उद्या सकाळी साडेसहाला जवाहर गेटापाशी यावं. पायात बूट, डोक्याला टोपी, सोबत पाण्याची बाटली. उशीर करणाऱ्यांसाठी थांबणार नाही, हे आपल्या पी.टी.च्या सरांच्या साक्षीने सांगते.